सत्यं शिवं सुंदरम् : एका सुंदर गैरसमजाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी फोंडा तालुक्यातील एका वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मला वक्ता म्हणून बोलावले होते. सुरुवात झोकात व्हावी म्हणून मी म्हणालो, ''सत्यं शिवं सुंदरम् हा मंत्र आपल्या उपनिषदांनी हजारो वर्षांपूर्वीच देऊन ठेवला आहे.'' टाळ्याही पडल्या. कार्यक्रमानंतर चहा घेताना एक निवृत्त संस्कृत शिक्षक जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, ''बाब, हे कुठल्या उपनिषदात आहे? मला अजून सापडले नाही.''

मी गडबडलो. ''बघून सांगतो,'' एवढेच म्हणालो.

घरी येऊन पुस्तके उघडली. तैत्तिरीय उपनिषद ब्रह्माला सत्य, ज्ञान आणि अनंत म्हणते. मांडूक्यात 'शिव' आहे, पण त्याच्या सोबतीला शांत आणि अद्वैत हे शब्द आहेत. सत्य, शिव आणि सुंदर अशी त्रयी काही प्रमुख उपनिषदांत भेटेना. त्यातल्या त्यात जवळची वाटली ती गीतेच्या सतराव्या अध्यायातील वाणीच्या तपाची कल्पना. बोलणे सत्य असावे, प्रिय असावे आणि हिताचे असावे. पण ती झाली बोलण्याची शिस्त. सौंदर्याचे तत्त्वज्ञान नव्हे.

मग ही त्रयी आली कुठून? माग काढत गेलो तो थेट ग्रीसपर्यंत. प्लेटोच्या 'फिलेबस' या संवादात सॉक्रेटिस सांगतो की शिव एका रूपात पकडता येत नसेल तर ते तीन रूपांत पकडावे : सौंदर्य, प्रमाणबद्धता आणि सत्य. गंमत अशी की याच प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये कवींना आदर्श नगराबाहेर काढले. कविता गोड असते म्हणून तर ती धोकादायक! सुंदर ते खरे असेलच याची खात्री त्यालाही नव्हती.

पुढे फ्रान्समध्ये व्हिक्तोर कूझँ या तत्त्वज्ञाने 1818 साली सत्य, सुंदर आणि शिव या तिघांवर व्याख्याने दिली. त्यांचे पुस्तकही झाले आणि ते खूप गाजले. कूझँचे लेखन बंगालमध्येही पोचले होते. ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन यांनी ते तरुणपणी वाचले होते. ब्राह्मसमाजाच्या वर्तुळातच 'सत्यं शिवं सुंदरम्' ही संस्कृत शब्दयोजना रूढ झाली. हेच केशवचंद्र 1864 साली मुंबईला आले आणि 1867 मध्ये तिथे प्रार्थनासमाज स्थापन झाला. म्हणजे मी ज्याला वेदकाळाचे वैभव समजत होतो, ते एकोणिसाव्या शतकातील पूर्व-पश्चिम भेटीचे अपत्य निघाले. पुढे दूरदर्शनच्या बोधचिन्हाखाली ते शब्द आले आणि 1978 साली राज कपूरच्या सिनेमाचे नावही झाले. मग त्यांचे मूळ कोण विचारणार?

या तिघांचे नाते मुळातच सरळ नाही. कांटने 1790 च्या ग्रंथात सौंदर्याचा आनंद निरपेक्ष मानला. वस्तू उपयोगी आहे किंवा चांगली आहे म्हणून ती सुंदर ठरत नाही. तरी त्याच ग्रंथात तो सौंदर्याला नीतीचे प्रतीक म्हणतो. दार लावले, पण कडी घातली नाही!

आपल्या मराठीत ही ओढाताण मर्ढेकरांनी प्रत्यक्ष भोगली. कलेला लयीच्या नियमांनी जोखावे, उपदेशाने नव्हे, असे मांडणारा हा कवी. त्यांच्या 1947 च्या 'काही कविता' या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांना दिसलेले सत्य समाजाच्या शिवाला पटले नाही. आज मात्र त्याच कविता आपण मराठी नवकाव्याचा पाया मानतो.

तत्त्वज्ञांना जे जमले नाही ते आपल्या बोलीने सहज केले आहे, असे मला वाटते. मूल खोटे बोलले की आई म्हणते, ''हे तुला शोभत नाही.'' दोष नीतीचा, शब्द सौंदर्याचा! सत्य, शिव आणि सुंदर तिन्ही त्या एका वाक्यात आहेत, आणि त्यासाठी उपनिषदाचा दाखला लागत नाही.

माझे ते वाक्य सुंदर होते, सभेला आवडले होते, पण खरे नव्हते. आवडले म्हणून मीही ते कधी तपासले नाही. पुढे एकदा त्याच वाचनालयात बोलण्याचा योग आला, तेव्हा पहिल्यांदा जुनी चूक सांगितली. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. गुरुजी मात्र पहिल्या रांगेत होते. जाताना म्हणाले, ''बाब, आज शोभले.''