कैलास-मानसरोवर यात्रेचा लिपुलेख मार्ग : श्रद्धा, व्यापार आणि सीमा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील वाचकाला कैलासाचा पहिला परिचय बहुधा वेरूळ येथे होतो. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या कारकिर्दीशी (इ. स. ७५६ ते ७७३) निगडित असलेले तेथील सोळाव्या क्रमांकाचे लेणे कैलास याच नावाने ओळखले जाते आणि कैलास हलवू पाहणाऱ्या रावणाचे शिल्प त्या मंदिराच्या पायथ्याशी कोरलेले आहे. हिमालयापासून शेकडो कोस दूर असलेल्या दख्खनमध्ये आठव्या शतकात कैलासाची कल्पना किती दृढ होती, याचा हा पुरावा होय. परंतु कल्पनेतील कैलास आणि प्रत्यक्ष पायी चालून गाठावयाचा कैलास या दोहोंचा इतिहास एकच नाही. पहिला ग्रंथांत, शिल्पांत व स्तोत्रांत घडला; दुसरा हिमालयाच्या दुर्गम दऱ्यांत, खिंडींत आणि बाजारपेठांत घडला.

कैलास-मानसरोवर यात्रेविषयी मराठीत व अन्य भारतीय भाषांत विपुल प्रवासवर्णने उपलब्ध आहेत. त्यांत यात्रेकरूचा अनुभव, निसर्गाचे दर्शन आणि भक्तिभाव यांना स्वाभाविकपणे प्राधान्य मिळाले आहे. यात्रेकरू ज्या वाटेने गेला ती वाट कोणी राखली, त्याचे सामान कोणाच्या जनावरांनी वाहिले आणि ती वाट केव्हा व का बंद झाली, या प्रश्नांकडे मात्र तुलनेने कमी लक्ष दिले गेले. प्रस्तुत निबंधात कुमाऊँमधून लिपुलेख खिंडीमार्गे जाणाऱ्या वाटेच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे. या यात्रेचा आधार केवळ श्रद्धा नसून सीमेवरील दऱ्यांतील व्यापारी समाज आणि राज्याराज्यांतील करार हेही तिचे आधारस्तंभ होते, हे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

पर्वत, सरोवर आणि मार्ग

पश्चिम तिबेटमधील कैलास पर्वताची उंची सुमारे ६,६३८ मीटर आहे. त्याच्या दक्षिणेस सुमारे ४,५९० मीटर उंचीवर मानसरोवर असून त्याच्या पश्चिमेस राक्षसताल आहे. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा आणि कर्णाली या चार मोठ्या नद्यांचे उगम याच परिसरात आहेत. हिंदूंच्या दृष्टीने कैलास हे शिवाचे निवासस्थान होय. जैन परंपरा ऋषभदेवांच्या निर्वाणाचे अष्टापद येथे मानते. तिबेटी बौद्ध त्याला कांग रिनपोछे, म्हणजे हिमरत्न, असे संबोधतात, तर बोन धर्माचे अनुयायीही त्याला पवित्र मानतात. पर्वताची परिक्रमा सुमारे ५२ किलोमीटरची असून तिच्यातील डोल्मा ला ही खिंड ५,६०० मीटरहून उंच आहे. हिंदू व बौद्ध पर्वत उजव्या हाताला ठेवून परिक्रमा करतात, तर बोन अनुयायी उलट दिशेने जातात. तिबेटी पंचांगातील अश्ववर्षी केलेली परिक्रमा विशेष पुण्यप्रद मानली जाते. शिखरावर मात्र आजवर कोणी पाऊल ठेवलेले नाही.

भारतातून या प्रदेशात जाण्यासाठी माणा, नीती, कुंगरी बिंगरी, दारमा, लिपुलेख अशा अनेक खिंडी वापरल्या जात. त्यांपैकी लिपुलेखची वाट अल्मोडा-अस्कोट-धारचुला या बाजूने काली नदीच्या काठाने वर चढते आणि बुधी, गर्ब्यांग, गुंजी, कालापानी, नाभीढांग अशी गावे व पडाव घेत ५,००० मीटरहून उंच असलेली खिंड ओलांडून तिबेटमधील तकलाकोट या बाजारपेठेत उतरते. या खोऱ्यांतील चौदांस, ब्यांस आणि दारमा या तीन दऱ्या येथील इतिहासाच्या केंद्रस्थानी आहेत.

प्राचीन संदर्भ आणि त्यांची मर्यादा

महाभारतात, पुराणांत आणि कालिदासाच्या मेघदूतात कैलासाचे उल्लेख आहेत. स्कंदपुराणाशी जोडल्या जाणाऱ्या मानसखंडात तर कुमाऊँ व मानसरोवर परिसरातील तीर्थांचे तपशीलवार वर्णन आढळते. तथापि या उल्लेखांवरून प्राचीन काळापासून सामान्य गृहस्थ मोठ्या संख्येने कैलासास जात होते, असा निष्कर्ष काढता येत नाही. इतिहासकार ॲलेक्स मॅके यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, प्राचीन वाङ्मयातील कैलास प्रामुख्याने पौराणिक असून तिबेटमधील विशिष्ट पर्वताशी त्याची सांगड तुलनेने उशिरा घातली गेली. यात्रेचे आजचे लोकप्रिय स्वरूप तर बव्हंशी विसाव्या शतकातील आहे. या मताविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु दीर्घकाळ ही वाट मुख्यतः संन्यासी, गोसावी आणि व्यापारी यांचीच होती, हे नाकारता येत नाही. अठराव्या शतकातील गोसावी हे स्वतः यात्रेकरू, व्यापारी आणि प्रसंगी राजदूतही असत. १७७४ मध्ये जॉर्ज बोगल याच्या तिबेटमधील शिष्टाईत साहाय्य करणारा पुरणगीर हे त्याचे ठळक उदाहरण होय. १८१२ मध्ये विल्यम मूरक्रॉफ्ट आणि हायडर हिअरसे हे नीती खिंडीतून मानसरोवरास गेले, तेही गोसाव्यांच्याच वेशात. हा वेश संशयास्पद वाटत नसे, यावरून या वाटांवर गोसाव्यांचा वावर किती नित्याचा होता हे लक्षात येते.

दऱ्यांतील समाज : वाटेचे खरे राखणदार

चौदांस, ब्यांस आणि दारमा येथील रहिवासी स्वतःला रं म्हणवितात. शासकीय व्यवहारात त्यांचा समावेश भोटिया या व्यापक संज्ञेत होतो. त्यांच्या बोली तिबेटी-बर्मी भाषाकुलातील आहेत. त्यांचे वार्षिक जीवन दोन मुक्कामांत विभागलेले असे. उन्हाळ्यात वरच्या गावांत राहावयाचे, हिवाळ्यात धारचुला परिसरातील खालच्या वस्त्यांत उतरावयाचे आणि पावसाळ्याच्या महिन्यांत खिंड ओलांडून तिबेटी बाजारांत व्यापार करावयाचा. तिबेटमधून लोकर, मीठ व टाकणखार येई. भारतातून धान्य, गूळ व कापड जाई. मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर लहान पिशव्या बांधून, तसेच खेचरे आणि याक व गाय यांच्या संकरातून झालेली जनावरे वापरून हा माल वाहिला जाई.

हा व्यापार अनोळखी माणसांतील खरेदीविक्री नव्हता. प्रत्येक भोटिया व्यापाऱ्याचा तिबेटमध्ये ठरलेला भागीदार असे आणि त्याला मित्र असे म्हणत. हे संबंध पिढ्यान्‌पिढ्या टिकत. यात्रेकरूच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे होते. तिबेटमध्ये भाषा समजणारा, चोरांपासून संरक्षण देऊ शकणारा, तंबू, शिधा व जनावरे पुरविणारा माणूस त्याला या व्यापाऱ्यांतच मिळे. यात्रेचा काळ आणि व्यापाराचा काळ एकच होता. कारण खिंडीतील बर्फ दोघांसाठी एकाच वेळी वितळे. गर्ब्यांग हे या वाटेवरील मोठे गाव व्यापाऱ्यांचे ठाणे होते, तसेच यात्रेकरूंना वाटाडे आणि जनावरे मिळण्याचे ठिकाणही होते.

या समाजाच्या भौगोलिक ज्ञानाचा उपयोग साम्राज्यानेही करून घेतला. जोहार दरीतील मिलम येथील नैनसिंह रावत यांनी १८६५-६६ मध्ये गुप्तपणे ल्हासापर्यंत प्रवास करून मानसरोवरमार्गे परत येताना मार्गाचे सर्वेक्षण केले. १०८ ऐवजी १०० मण्यांच्या माळेवर ते पावले मोजीत असत. जपमाळ हे येथे मोजमापाचे साधन झाले. यात्रा, व्यापार आणि राजकारण या वाटेवर किती एकमेकांत गुंतले होते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

सीमांची आखणी आणि वसाहतकाळ

१७९० पासून कुमाऊँवर गुरख्यांचा अंमल होता. इंग्रज-नेपाळ युद्धानंतर १८१५ मध्ये झालेल्या आणि १८१६ मध्ये मान्य झालेल्या सुगौलीच्या तहाने काली नदी ही सीमा ठरली. परिणामी ब्यांस दरीचे दोन भाग झाले. गुंजी, नाबी, कुटी ही गावे एका बाजूस राहिली, तर तिंकर व छांगरू १८१७ मध्ये नेपाळकडे गेली. दरी एक, समाज एक, परंतु राज्ये दोन, अशी स्थिती निर्माण झाली. कालीचा मूळ प्रवाह कोणता, हा आजच्या भारत-नेपाळ वादातील प्रश्नही याच तहाशी निगडित आहे.

पुढे डोग्रा सेनापती जोरावरसिंह याने १८४१ मध्ये पश्चिम तिबेटवर स्वारी केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो तकलाकोटजवळ मारला गेला आणि १८४२ मध्ये चुशूल येथे तह झाला. १९०४ च्या ब्रिटिश-तिबेट करारान्वये गरतोक येथे व्यापारपेठ मान्य झाल्यावर पश्चिम तिबेटमध्ये ब्रिटिशांचे लक्ष वाढले. अल्मोड्याचा डेप्युटी कमिशनर चार्ल्स शेरिंग याने १९०५ मध्ये या प्रदेशाचा दौरा केला आणि १९०६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात व्यापाराबरोबरच यात्रेचेही वर्णन आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुशिक्षित मध्यमवर्गीय यात्रेकरू या वाटेने जाऊ लागले. चौदांसमध्ये १९३६ साली नारायणस्वामींनी आश्रम स्थापन केला. स्वामी प्रणवानंद यांनी या प्रदेशात अनेक वर्षे वास्तव्य करून भूगोल, नद्यांचे उगम आणि यात्रामार्ग यांविषयी लेखन केले. कैलास-मानसरोवरावरील त्यांचा ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९५४ ते १९६२ : करार आणि विच्छेद

२९ एप्रिल १९५४ रोजी बीजिंग येथे झालेला भारत-चीन करार पंचशीलासाठी प्रसिद्ध आहे. परंतु त्याचा मुख्य विषय भारत आणि तिबेट यांतील व्यापार व दळणवळण हा होता. या करारात सहा खिंडींची नावे आहेत आणि लिपुलेख त्यांपैकी एक आहे. भारतीय यात्रेकरूंना प्रथेप्रमाणे कैलास व मानसरोवर येथे जाण्याची, तर तिबेटी यात्रेकरूंना काशी, सारनाथ, गया आणि सांची येथे येण्याची मुभा देण्यात आली. लहान व्यापारासाठी किंवा नातलगांना व मित्रांना भेटण्यासाठी सीमा ओलांडणाऱ्या सीमावर्ती रहिवाशांना पासपोर्टची आवश्यकता नाही, असेही त्यात नमूद होते. यात्रेकरू, व्यापारी आणि सीमेवरील रहिवासी यांना एकाच दस्तऐवजात स्थान मिळाले, ही बाब ऐतिहासिक दृष्टीने महत्त्वाची आहे.

कराराची मुदत आठ वर्षांची होती. १९५९ मधील तिबेटी उठावानंतर परिस्थिती झपाट्याने बिघडली. जून १९६२ मध्ये करार संपुष्टात आला आणि त्याच वर्षी युद्ध झाले. यात्रा थांबली. परंतु यात्रेकरूला घरी परतण्याचा मार्ग होता. दऱ्यांतील व्यापाऱ्याला तो नव्हता. त्याचे भांडवल, जनावरे, मित्रसंबंध आणि वार्षिक जीवनक्रम सर्व खिंडीपलीकडच्या बाजारावर अवलंबून होते. अनेक कुटुंबे धारचुला व अन्य ठिकाणी कायमची उतरली. १९६७ मध्ये भोटियांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला आणि शिक्षण व शासकीय सेवा हा नवा आधार निर्माण झाला. गर्ब्यांगसारख्या गावाचे व्यापारी वैभव मात्र परत आले नाही.

१९८१ नंतरची यात्रा

एकोणीस वर्षांच्या खंडानंतर १९८१ मध्ये यात्रा पुन्हा सुरू झाली, परंतु तिचे स्वरूप बदललेले होते. परराष्ट्र मंत्रालयाने निवड करावी, वैद्यकीय तपासणी व्हावी, ठराविक संख्येच्या तुकड्या जाव्यात आणि कुमाऊँ मंडल विकास निगमने भारतीय हद्दीतील व्यवस्था पाहावी, अशी ही शासननियंत्रित यात्रा होती. रं समाजाचे स्थानही बदलले. पूर्वी जो यजमान व मार्गदर्शक होता, तो आता प्रामुख्याने घोडेवाला, भारवाहक किंवा पडावावरील व्यवस्थेतील घटक झाला आणि त्याची सोबत सीमेपाशी संपू लागली. १९९२ मध्ये लिपुलेखमार्गे मर्यादित सीमाव्यापार पुन्हा सुरू झाला, पण पूर्वीच्या व्याप्तीशी त्याची तुलना होऊ शकत नाही. १८ ऑगस्ट १९९८ च्या पहाटे मालपा येथे दरड कोसळून २०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ६० यात्रेकरू होते. उरलेल्यांत भारवाहक, घोडेवाले आणि स्थानिक लोक होते. या दुर्घटनेची आठवण यात्रेकरूंच्या नावाने राहिली. इतरांची नावे क्वचितच घेतली गेली.

२०१५ मध्ये सिक्कीममधील नाथू ला हा मोटारमार्ग यात्रेस खुला झाला. ८ मे २०२० रोजी लिपुलेखकडे जाणाऱ्या सुमारे ८० किलोमीटरच्या रस्त्याचे उद्घाटन झाले. त्याला नेपाळने आक्षेप घेतला आणि जूनमध्ये घटनादुरुस्ती करून हा प्रदेश आपल्या नकाशात समाविष्ट केला. महासाथ आणि भारत-चीन तणाव यांमुळे २०२० ते २०२४ या काळात यात्रा झाली नाही. २०२४ मध्ये लिपुलेखजवळच्या एका उंच जागेवरून, भारतीय भूमीवर राहूनच, कैलासदर्शनाची सोय करण्यात आली. २०२५ च्या उन्हाळ्यात यात्रा पुन्हा सुरू झाली. ७५० यात्रेकरूंची निवड झाली आणि त्यांपैकी पाच तुकड्या लिपुलेखमार्गे गेल्या. धारचुलापासून खिंडीच्या दिशेने अनेक दिवस पायी चालण्याचा टप्पा आता बव्हंशी वाहनाने पार होतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) कैलासाविषयीची श्रद्धा प्राचीन असली तरी लिपुलेखमार्गे होणारी सामान्य यात्रेकरूंची यात्रा ही तुलनेने अर्वाचीन घटना असून व्यापारी मार्गाच्या आधाराने ती विकसित झाली.

२) यात्रा सुरू राहणे वा बंद पडणे हे यात्रेकरूंच्या श्रद्धेपेक्षा राज्याराज्यांतील संबंधांवर अवलंबून राहिले. १९५४, १९६२, १९८१, २०२० आणि २०२५ ही वर्षे याची साक्ष देतात.

३) १९६२ च्या विच्छेदाची सर्वांत मोठी किंमत दऱ्यांतील समाजाने मोजली आणि यात्रेच्या पुनरुज्जीवनाने ती भरून निघाली नाही.

४) रस्त्यामुळे वृद्ध व दुर्बल यात्रेकरूंची, तसेच गावकऱ्यांच्या औषधोपचाराची व दळणवळणाची सोय झाली, हे निर्विवाद आहे. तथापि पायवाटेबरोबर तिचे पडाव, तिच्यावरील उपजीविका आणि तिच्याविषयीचे मौखिक ज्ञानही लोप पावण्याचा धोका आहे.

म्हणून या वाटेचा इतिहास केवळ यात्रेकरूंच्या प्रवासवर्णनांवरून लिहिणे पुरेसे नाही. सीमा बंद होण्यापूर्वी खिंड ओलांडून व्यापार केलेली पिढी आता जवळजवळ संपत आली आहे. तिच्या आठवणी, घराघरांतील हिशेबाच्या वह्या आणि मित्रसंबंधांच्या कथा यांचे संकलन वेळीच झाले नाही, तर कैलासाचे माहात्म्य शिल्लक राहील, परंतु तेथवर पोहोचविणाऱ्या माणसांचा इतिहास हरवेल. इतिहास व समाजशास्त्र या विषयांच्या अभ्यासकांनी हे काम एकत्रितपणे हाती घेणे आवश्यक आहे.