द्राक्षाचा दाखला

फेब्रुवारीत एका रात्री पुतण्याच्या कोल्ड स्टोअरेजवर गेलो होतो. जेवणाचा डबा पोचवायचं निमित्त, खरं तर मला तिथं जाऊन बसायला आवडतं. साडेदहा वाजले होते. कंटेनर माल भरून उभा, ड्रायव्हर जेवून बिडी ओढत बसलेला, हमाल घरी गेलेले. पुतण्या मात्र संगणकासमोर डोळे लावून बसला होता.

"काय रे, माल भरला ना? मग गाडी का सोडत नाहीस?"

"आप्पा, दाखला आला नाही अजून."

सगळे कागद जुळल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, हा त्याचा नियम आहे. तो का आहे ते पुढे सांगतो. पण 'दाखला' हा शब्द ऐकला आणि मला हसू आलं. मंडळी, मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आणि त्याबरोबर शाळा सोडल्याचे दाखले लिहिले. गावाकडच्या शाळेत कारकून असला तर असतो, नसला तर मास्तरच कारकून. आमच्या पिढीतल्या निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून आहे हे तुम्हाला ठाऊक असेलच. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला तारीख आठवायची नाही, "आखाडात झाला, पाऊस लई होता" एवढंच सांगायचा, आणि मास्तर १ जून लिहून मोकळा. पुढे त्याच तारखेवर तो पोरगा नोकरीला लागायचा आणि त्याच तारखेच्या हिशेबानं निवृत्त व्हायचा. दाखला रजिस्टरबरहुकूम असायचा. रजिस्टर खरं होतं की नाही, हा प्रश्न कुणी विचारत नसे.

आता हा द्राक्षाचा दाखला. त्याची वंशावळ शोधायला बसलो तेव्हा एक गोष्ट सापडली, ती वर्गात शिकवायची राहून गेली याचं वाईट वाटतं. मालाबरोबर परदेशी जाणारा पीक-आरोग्याचा जो दाखला असतो, ज्याला आमच्याकडे सगळे नुसतं 'फायटो' म्हणतात, त्याचं मूळ द्राक्षवेलीतच आहे!

१८६०च्या दशकात फ्रान्समध्ये द्राक्षवेली अचानक वाळू लागल्या. कारण होतं फायलोक्सेरा नावाची मुळांवर जगणारी, मिलिमीटरभराचीही नसलेली कीड. अमेरिकेतून हौसेनं आणलेल्या रोपांबरोबर ती आली होती. पुढच्या दोन-तीन दशकांत तिनं फ्रान्सच्या बागांचा फडशा पाडला आणि शेजारचे देशही धरले. तेव्हा १८७८ साली युरोपातले काही देश स्वित्झर्लंडमध्ये बर्न इथं जमले आणि त्यांनी करार केला. १८८१ साली तो सुधारला. त्यात ठरलं की रोपं सीमेपलीकडे पाठवायची तर पाठवणाऱ्यानं लेखी निवेदन द्यायचं आणि त्याच्या सरकारी अधिकाऱ्यानं त्यावर साक्ष द्यायची. खायच्या द्राक्षांबद्दलही एक कलम होतं. पानं आणि काड्या नकोत, पेटी घट्ट बांधलेली हवी, पण उघडून तपासायला सोपी हवी. पुतण्याच्या गोदामात पेट्यांच्या थप्प्या पाहताना मला हे कलम नेहमी आठवतं.

ओळख नसलेल्या दोन माणसांच्या मध्ये एका तिसऱ्यानं उभं राहून "माल ठीक आहे, मी पाहिला" असं म्हणायचं, हा त्या कागदाचा अर्थ. १९५१ साली रोममध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार झाला आणि दाखल्याचा नमुना जगभर एक झाला. आपल्याकडे इंग्रजांनी १९१४ सालीच किडींविषयीचा कायदा केला होता, तो मुख्यतः बाहेरून येणाऱ्या रोगराईला अडवायला. आपला माल बाहेर जाऊन कुणाला त्रास देईल, ही काळजी करण्याएवढी फळं तेव्हा जातच नव्हती.

द्राक्षं मात्र आपल्याकडे जुनी. इब्न बतूतानं चौदाव्या शतकात दौलताबादेत द्राक्षं पाहिली आणि ती वर्षातून दोनदा येतात असं लिहून ठेवलं. पण ती खायची तिथल्या तिथं. तोडलेलं द्राक्ष आंब्यासारखं अढीत पिकत नाही. वेलीवरून उतरलं त्या क्षणी त्याची उतरंडच सुरू होते. म्हणून सातासमुद्रापार द्राक्ष पाठवायचं तर पहिली गरज थंडीची, कागद नंतर. सकाळच्या गारव्यात तोडायचं, पॅकहाऊसमध्ये निवडून भरायचं आणि ताबडतोब प्रीकूलिंगच्या खोलीत घालायचं. तिथं पंख्यानं गार हवा पेट्यांच्या भोकांतून खेचतात. शेतातली ऊब सहा-आठ तासांत काढून तापमान चार अंशांच्या आसपास आणलं की मग शून्य अंशाच्या खोलीत मुक्काम. उशीर झाला तर देठ तपकिरी होतो, आणि परदेशातला गिऱ्हाईक मण्याआधी देठ बघतो. पेटीत एक पातळ कागद घालतात, त्यातून गंधकाचा वायू हळूहळू सुटतो आणि बुरशीला रोखतो. वायू कमी सुटला तर बुरशी, जास्त सुटला तर मणी पांढरे पडतात. हा सगळा तोल पुढे तीन-चार आठवडे जहाजावर टिकवायचा. २०२४च्या हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, तेव्हा पुतण्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

१९९१ साली महाग्रेप्स निघाली, बागाईतदारांच्या सहकारी संस्था एकत्र आल्या आणि आपल्याकडच्या द्राक्षांना युरोपची वाट मिळाली. माझा धाकटा भाऊ निफाडकडचा बागाईतदार. त्याची द्राक्षं परदेशी गेली तेव्हा आईनं पेढे वाटले होते. त्या काळी सगळं वहीवर चालायचं. कुठल्या शेतकऱ्याचे किती क्रेट आले, कुठल्या खोलीत ठेवले, कधी निघाले, हे सगळं कोल्ड स्टोअरेजच्या कारकुनाच्या अक्षरावर. दाखला कार्बन पेपर घालून टाईप केलेला, त्यावर गोल शिक्का. पेटी एकदा समुद्रापार गेली की ती कुणाच्या बागेतली, हे कुणालाच सांगता येत नसे.

२००३ साली हे उघडं पडलं. नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल आणि ॲसिफेट या औषधांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि इशारा सगळ्या युरोपभर गेला. काही बागांची चूक, पण बाग कुठली ते कळेना, म्हणून संशय सगळ्यांवर. त्यातच युरोपचा नवा अन्न कायदा आला. १ जानेवारी २००५ पासून अन्नाचा माग मागे मूळापर्यंत काढता आला पाहिजे असं बंधन लागू झालं. अपेडानं पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला हाताशी धरून अवशेष तपासणीचा कार्यक्रम आखला आणि २००६ साली 'ग्रेपनेट' ही संगणकावरची व्यवस्था आली. देशात अशी ती पहिलीच. म्हणजे कागदी दाखलाही द्राक्षापायी जन्मला आणि आपल्याकडचा संगणकी मागही द्राक्षापायीच. यात योगायोग आहे की नाही ते तुम्हीच ठरवा. मला वाटतं नाजूक फळालाच पहारा जास्त लागतो.

ग्रेपनेट मला पुतण्यानं समजावून दिलं. कृषी खात्याकडे बागेची नोंद, तिला क्रमांक. प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना नेणार, निकाल थेट संगणकावर चढवणार. नापास झाला तर आतल्या आत इशारा जातो आणि त्या बागेचा माल पुढे सरकत नाही. पॅकहाऊसलाही मान्यता लागते. तिथं कुठल्या बागेचा किती माल आला ते भरायचं, मग अ‍ॅगमार्कची तपासणी, मग फायटो. प्रत्येक पेटीवर असा मजकूर असतो की परदेशातून मागे येत येत थेट आमच्या भावाच्या बांधापर्यंत पोचता येतं. एका नुसत्या आकड्यानं माझा भाऊ रॉटरडॅमला ठाऊक झाला! पुढे डाळिंब, आंबा, भाजीपाला यांनाही हीच पद्धत लागली.

आणि मग आलं २०१० साल.

वेलीची नुसती वाढ थांबवून तिला घडाकडे वळवायला क्लोरमेक्वाट नावाचं संजीवक आपल्याकडे सर्रास वापरत. बागाईतदार त्याला 'लिहोसिन' म्हणत. औषध म्हणून त्याकडे कुणी बघतच नसे. तपासणीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. त्या हंगामात जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये ते शोधलं गेलं आणि सापडलं. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. गणित करून बघितलं, २० टन द्राक्षांत १ ग्रॅम. त्याच युरोपात गव्हावर हेच संजीवक मारायला परवानगी होती आणि गव्हासाठीची मर्यादा द्राक्षापेक्षा कितीतरी पट मोठी. पण द्राक्षावर त्याची नोंद नव्हती, म्हणून द्राक्षाला जवळजवळ शून्य. कंटेनरमागून कंटेनर अडकले.

भावाचा माल त्यात होता. त्याची बाग तपासणीत पास, क्रमांक बरोबर, अ‍ॅगमार्क बरोबर, फायटो बरोबर. शून्य अंशाची थंडी कुठं तुटली नव्हती. ज्याच्यामार्फत माल गेला त्यानं हात वर केले, पैसे पुढच्या वर्षी, मग त्याच्या पुढच्या वर्षी, मग फोनच उचलेना. सोसायटीचं कर्ज होतंच. रस्त्याकडेचं एक एकर विकलं. वहिनी (म्हणजे भावाची बायको, मी तिला वहिनीच म्हणतो, वयानं लहान असली तरी) तेव्हापासून सण सोडून बागेत पाऊल टाकत नाही.

त्या मे महिन्यात भाऊ माझ्याकडे आला होता. पिशवीतून सगळे कागद काढून त्यानं ओट्यावर मांडले, प्रयोगशाळेचा अहवाल, दाखल्यांच्या झेरॉक्स. म्हणाला, "दादा, तू शिकलेला. बघून सांग, यातला कुठला कागद खोटा आहे?"

मी चष्मा लावून सगळे वाचले. एकही खोटा नव्हता. जे विचारलं त्याचं उत्तर बरोबर दिलं होतं. जे विचारलंच नव्हतं त्याबद्दल कागद गप्प होते. मला तेव्हा माझे १ जूनचे दाखले आठवले, पण ते त्याला कसं सांगणार? "कुठलाच नाही रे," एवढंच म्हणालो. तो हसला, त्या हसण्याचा मला अजून त्रास होतो.

पुढे क्लोरमेक्वाट तपासणीच्या यादीत आलं. एका अर्थी व्यवस्था शिकली. काही जण म्हणतात संगणकामुळेच घोळ झाला, कागद असते तर कुणाची बाग ते कळलंच नसतं आणि शेतकरी सुटला असता. मला हे पटत नाही. २००३ साली कळत नव्हतं म्हणून सगळेच अडकले होते. पण एवढं मात्र खरं की माग काढायची सोय झाली ती एकाच दिशेनं. दोष पेटीवरून बांधापर्यंत काही मिनिटांत पोचतो. नुकसानीची भरपाई त्याच वाटेनं आलेली मी तरी पाहिली नाही.

पुतण्या तेव्हा कॉलेजात होता. त्यानं बाग न करता कोल्ड स्टोअरेज घातलं. स्वतःचा एक नियम केला, बागाईतदारानं मारलेल्या प्रत्येक फवारणीची वही बघायची, यादीत नाव असो वा नसो. काही लोक वैतागून दुसरीकडे जातात. जाऊ देत, म्हणतो.

त्या रात्री बाराच्या सुमारास पडद्यावर फायटो आला. पुतण्यानं छापून घेतला, क्रमांक दोनदा ताडून बघितला आणि ड्रायव्हरला हाक मारली. मी विचारलं, "तुझ्या बापाचा माल आहे का यात?"

"मागच्या दोन पॅलेट आहेत. त्यांना सांगितलं नाही. पोचला की सांगीन."

कंटेनर हायवेला लागला. आम्ही दिवे मालवले आणि रिकामा डबा घेऊन घरी आलो.