सीमेवरचा हेडमास्तर आणि जे. पी. नाईक

आंबोली घाटाने कोल्हापूरला जाणाऱ्या आम्हां गोवेकरांना निपाणी हे आजरा मागे टाकल्यावर लागणारं तंबाखूचं गाव म्हणून माहीत असतं. पेपर वाचणाऱ्यांना ते सीमाप्रश्नामुळेही माहीत असतं. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्याच जिल्ह्यातला चंदगड तालुका मात्र कोल्हापूरला जोडून मुंबई राज्यात राहिला. १९६७च्या महाजन अहवालाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं म्हटलं, पण ती गेली नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. हे सगळं आपण पुष्कळदा वाचलं आहे, म्हणून आज मला दुसऱ्याच गोष्टीबद्दल लिहायचं आहे. ती म्हणजे या भागातला मराठी शाळेचा हेडमास्तर.

हेडमास्तरने नेमकं करायचं काय? शाळा चालवायची, की शिकवणं चालवायचं? दिसायला दोन्ही एकच वाटतं, पण तसं नाही. हजेरी, पगारपत्रक, माध्यान्ह आहार, बांधकाम, निवडणुकीचं काम, वरून आलेल्या पत्रांची उत्तरं, ही झाली शाळा. तिसरीच्या वर्गात मागच्या बाकावर तासभर बसायचं, मुलांना हातच्याची वजाबाकी का जमत नाही ते बघायचं आणि सुट्टीत त्या बाईंशी चहा घेता घेता त्यावर बोलायचं, हे झालं शिकवणं. मी स्वतः सरकारी टेबलावरचा माणूस आहे. ‘माहिती तातडीने पाठवावी’ असा कागद शाळेत पोचला की त्या दिवशी हेडमास्तरचा वर्ग कोण घेतं, हे कुठल्याही टेबलावरून दिसत नाही.

या प्रश्नाचा सगळ्यात मुळातून विचार केलेला माणूस निपाणीच्या शेजारचाच होता. जयंत पांडुरंग नाईक, म्हणजे जे. पी. नाईक. जन्म १९०७ सालचा, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास झाला, पुढे धारवाडकडे खेड्यात राहून काम केलं, तिथल्या जिल्हा स्कूल बोर्डाचा कारभार जवळून पाहिला. म्हणजे मराठी मुलखात जन्मलेला हा माणूस शाळांचा कारभार शिकला तो कानडी मुलखात. तेव्हा दोन्ही मुलूख एकाच मुंबई इलाख्यात होते आणि याचं कुणाला नवल वाटत नसे. पुढे गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत ते आणि त्यांच्या पत्नी चित्रा नाईक दोघंही होते. पाटगावच्या मौनी महाराजांचं नाव घेतलेली ही संस्था बालवाडीपासून वरच्या शिक्षणापर्यंत सगळं एकत्र ठेवू पाहत होती. ते बघितलं की नाईकांच्या पुढच्या कल्पनेचं मूळ इथंच असावं असं मला वाटतं.

१९६४ साली कोठारी आयोग नेमला गेला, नाईक त्याचे सदस्य-सचिव झाले. १९६६च्या त्या जाडजूड अहवालात शाळासंकुलाची कल्पना आहे. एका वरच्या प्राथमिक शाळेशी आसपासच्या दहाएक लहान प्राथमिक शाळा जोडायच्या आणि तिच्या हेडमास्तरने त्यांना शिकवण्याच्या बाबतीत मदत करायची. त्यावर पंचक्रोशीतलं हायस्कूल, त्याचा हेडमास्तर अध्यक्ष आणि बाकी सगळ्या शाळांचे हेडमास्तर सभासद. पुस्तकं, प्रयोगाचं साहित्य वाटून वापरायचं. कुणी रजेवर गेला तर बदली शिक्षक तिथूनच द्यायचा. आणि मुख्य म्हणजे वर्षभर काय शिकवायचं, कसं तपासायचं, ते या मंडळींनी एकत्र बसून ठरवायचं.

यातली खुबी लक्षात घ्या. त्याआधी आपल्याकडे शिकवण्याला दिशा द्यायची ती इन्स्पेक्टरने. साहेब वर्षातून एकदा येणार, पोरं धुतलेले कपडे घालून बसणार, मास्तरांना घाम फुटणार, शेरा मारून साहेब पुढच्या गावाला. ज्याच्या हातात बढती-बदली आहे त्याच्यासमोर ‘मला हा धडा शिकवता येत नाही’ असं कोण सांगेल? म्हणूनच आयोगाने प्रशासन आणि पर्यवेक्षण वेगळं करा असं सांगितलं. आपली अडचण माणूस बरोबरीच्या माणसाला सांगतो. हेडमास्तरला शिकवण्यातला पुढारी व्हायचं असेल तर त्यालाही आधी बरोबरीचे लोक लागतात, चार हेडमास्तरांनी त्याची शाळा पाहावी लागते. नुसत्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राने ते होत नाही, हे माझं मत.

पुढे काय झालं, ते २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेच लिहून ठेवलं आहे. शाळासंकुलाची ही सूचना अंमलात न येता राहिली, असं म्हणून त्यांनी तीच पुन्हा मांडली आहे. चोपन्न वर्षांनी!

आता हे संकुल निपाणीभोवती आखून बघा. हायस्कूल मध्ये धरून आठ-दहा मैलांचं वर्तुळ काढलं की ते लगेच कागल तालुक्यात शिरतं. वर्तुळाच्या एका भागातल्या मराठी शाळांत बालभारतीची पुस्तकं, दुसऱ्या भागातल्या मराठी शाळांत कर्नाटक सरकारने छापलेली मराठी पुस्तकं. परीक्षा वेगळ्या. इकडच्या हेडमास्तरला वरून येणारी परिपत्रकं कानडीत. म्हणजे बाकीच्या हेडमास्तरांचा जो वेळ कागदात जातो, त्यात याचा कागद वाचून घेण्याचा वेळ मिळवायचा. दोन्हीकडे गटातल्या शिक्षकांच्या बैठका होतात, पण ज्याच्याशी मराठी व्याकरणाच्या एखाद्या धड्यावर बोलता येईल असा जवळचा सोबती पुष्कळदा दुसऱ्या राज्याच्या बैठकीत बसलेला असतो. सीमाप्रश्नावर इतकी भाषणं झाली, त्यांत हा मुद्दा मी तरी कधी ऐकला नाही.

आपण गोवेकरांनी हे दुरून बघण्यात अर्थ नाही. आपल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मराठी प्राथमिक शाळा एकशिक्षकी. तिथं हेडमास्तर, शिक्षक आणि कारकून एकच माणूस. नाईकांनी कोठारी आयोगाच्या आधीच एकशिक्षकी शाळेवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं. पटसंख्या घटली म्हणून शाळा बंद करण्याची चर्चा आपल्याकडे अधूनमधून होते. त्या एकट्या शिक्षकाला शेजारच्या पाच शाळांशी जोडून द्यावं, ही चर्चा मात्र फारशी होत नाही. वाहतुकीची सोय आणि महिन्याचा एक शनिवार, एवढंच त्याला लागेल.

निपाणीत एक गोष्ट गमतीची आहे. गावचं देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, शिवाजी विद्यापीठाखाली. निपाणीची पोरं रोज राज्याची हद्द ओलांडून बी.ए.च्या तासाला जातात आणि जेवायला घरी परत येतात.