उभें पीक आणि जमेची बाजू

भोर-वेल्ह्याच्या मावळांत भाद्रपद-आश्विनांत आंबेमोहोर निसवतो. शेतकरी तेव्हांच पिकाचा अंदाज बांधतो. पण तो जमेस धरीत नाहीं. भात झोडून विकलें, पैसा हातीं आला, म्हणजे जमा, ही जुन्या वहीखात्याची शिस्त.

एन्रॉन या अमेरिकन ऊर्जा-कंपनीनें ती सोडली. नैसर्गिक वायूच्या दीर्घ मुदतीच्या सौद्यांतील अंदाजी नफा कराराच्याच वर्षीं दाखविण्याची मुभा तिला १९९२ सालीं मिळाली. रोज बाजारभाव निघणाऱ्या मालाला वाजवी मूल्याची ही रीत योग्यच. पण वीस वर्षांनंतरच्या वायूला भाव कोठला? तो कंपनीनेंच ठरविला. बाजारांत तुरी असतांनाच नफा वांटला गेला.

तिच्या दाभोळ प्रकल्पाची वीज महाराष्ट्रास मे १९९९ पासून मिळूं लागली. दर व थकबाकी यांच्या वादांत तो मे २००१ मध्यें बंद पडला. २ डिसेंबर २००१ रोजीं कंपनीनेंच दिवाळें जाहीर केलें. नोकरांची निवृत्तीची पुंजीहि बुडाली.

पुढें अमेरिकेंत २००६ सालीं नियम झाला, आणि २०१६ पासून भारतांतील मोठ्या कंपन्यांसहि तो लागू झाला: बाजारांत दिसणारा भाव निराळा दाखवावा, स्वतःचा अंदाज निराळा. भात शेतांत आहे कीं कणगींत, हें वहीनें सांगितलेंच पाहिजे.