मानवी हक्क शिक्षण आणि लेकींचा वारसाहक्क (महाराष्ट्र)

माणसाला आपले हक्क कळावेत, ते वापरण्याचे बळ यावे आणि दुसऱ्याच्या हक्काचा मान राखण्याची सवय लागावी, यासाठीचे शिक्षण म्हणजे मानवी हक्क शिक्षण. संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या जाहीरनाम्याला हे सगळे अभिप्रेत आहे. आपल्याकडील कायदा साक्षरता शिबिरांचा भर मात्र बहुतांशी माहितीवर, आणि तीही बाईलाच देण्यावर राहिला. ही माहिती आवश्यक आहे, पण तेवढ्याने बाई सक्षम होत नाही. लेकींच्या वारसाहक्काइतका याचा स्पष्ट पुरावा दुसरा नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच एकत्र हिंदू कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मसिद्ध वाटा दिला. मात्र त्याआधी लग्न झालेल्या लेकी वगळल्या गेल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट गेली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेला संभ्रमही दूर केला. तरी वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारस म्हणून बहिणीचे नाव लागते आणि अनेक घरांत हक्कसोडपत्राने ते कमी होते. सही करणाऱ्या बहिणीला आपला हिस्सा ठाऊक असतो. तो असतो म्हणूनच तर सही मागितली जाते.

ती राजीखुशीने सोडते, मग शिक्षणाने मध्ये का पडावे, असा आक्षेप घेतला जातो. भावावरची माया खरी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण ‘नाही’ म्हटल्यास माहेर तुटणार असेल आणि सासरी बिनसले तर परतायला दुसरे दार नसेल, तर त्या राजीखुशीला मोकळी संमती म्हणता येत नाही. हुंड्यातच वाटा दिला, हा युक्तिवाद तर १९६१ पासून गुन्हा ठरलेल्या व्यवहारालाच हक्काची जागा देतो. अशा वेळी केवळ बाईला शिकवणे म्हणजे घराशी एकटीने लढण्याचा भार तिच्यावर टाकणे होय. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेने वेगळी वाट दाखवली. संघटनेच्या १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतरच्या काळात तिचे नेते शरद जोशी यांनी पुरुष शेतकऱ्यांनाच बायकोच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले आणि ते गावागावांत सामूहिकपणे केले. पुढे शासनानेही त्याच नावाची योजना आणली. त्या मोहिमेला कोणी मानवी हक्क शिक्षण म्हटले नाही, आणि तिचा रोख लेकींवर नसून पत्नींवर होता. तरीही हक्क देणाऱ्यालाच शिकवायचे, ही तिची पद्धत इथे थेट लागू पडते. म्हणून वारसाहक्काच्या शिबिरात पहिल्या रांगेत भाऊ बसले पाहिजेत.