पानफुटीची सकाळची चव आणि कुंडीतली सक्युलंट



हल्ली रोपवाटिकेत वाटीएवढ्या कुंडीत जाड पानांची रोपं मिळतात. सक्युलंट म्हणतात त्यांना. पोरं हौसेनं आणतात, खिडकीत ठेवतात आणि गणपती येईपर्यंत निम्मी कुजून जातात. मग घरात ठरतं की आपल्या हवेत ही झाडं येतच नाहीत. पण ही जात कोकणात फार आधीपासून आहे. फक्त कुंडीत नव्हती.

आमच्या पूर्णगडात, मुचकुंदीच्या मुखाशी, जुन्या घरांभोवती फिरून बघा. वईला शेर, बांधावर घायपात, न्हाणीच्या आडोशाला पानफुटी, दाराला उलटी टांगलेली कोरफड. ती कोरफड तर मातीशिवाय महिनोन्‌महिने हिरवी राहते. आणि या चौघांपैकी मूळचं इथलं कोणीच नाही. शेर आफ्रिकेतला, घायपात मेक्सिकोकडची, पानफुटी मादागास्कर बेटावरची, कोरफड अरबस्तानातली.

निवडुंगाचं तर आणखी वेगळं. खरा निवडुंग, म्हणजे कॅक्टसचं कूळ, एक जात सोडली तर सगळं अमेरिका खंडातलं. आपण ज्याला तीनधारी निवडुंग म्हणतो तो शेराचा भाऊबंद. ओळख सोपी आहे. खापलल्यावर पांढरा चीक आला तर तो कॅक्टस नव्हे, असं आपल्याकडच्या झाडांपुरतं धरायला हरकत नाही. हा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, फार वाईट.

आता ही झाडं कोरड्यात कशी तगतात, याचा शोध लागला त्यात आपल्या देशातल्या पानफुटीचा मोठा वाटा आहे. बेंजामिन हाइने नावाचा वनस्पतींचा अभ्यासक ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रास इलाख्यात होता. त्यानं पानफुटीचं पान वेगवेगळ्या वेळी चाखलं. सकाळी चुक्यासारखं आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळकडे कडवट. त्याचं हे निरीक्षण १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या अंकात छापून आलं.

कारण पुढे उलगडलं ते असं. भात, आंबा ही झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेतात, आणि त्याच वेळी पाणी उडून जातं. पानफुटी छिद्रं रात्री उघडते. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्ल करून साठवते, म्हणून पहाटे पान आंबट. दिवसा छिद्रं बंद ठेवून त्याच साठ्यातून अन्न तयार करते. साठा संपला की आंबटपणा गेला. या पद्धतीला कृषी विद्यापीठाची मंडळी 'कॅम' म्हणतात, आणि ते नाव पानफुटीच्याच कुळावरून पडलंय. अननस आणि ड्रॅगन फ्रूटही याच पद्धतीची.

म्हणजे पाण्याची काटकसर हा ज्यांचा पिढीजात धंदा, त्यांना आपण आणून ठेवतो कुठे, तर रत्नागिरीत. इथं साल्याला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. कुंडीत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, बुरशी धरते. ही झाडं तहानेनं क्वचित मरतात, पाण्यानं हमखास.

दुसरी गोष्ट लोभाची. मेक्सिकोत निवडुंगावर कोचिनील नावाची कीड पोसून तिच्यापासून लाल रंग काढत. तो व्यापार स्पेनच्या मुठीत. इंग्रजांना आपल्या शिपायांच्या लाल कोटांसाठी तो रंग हवा होता. १७९५ साली कॅप्टन नीलसननं ब्राझीलच्या रिओहून ही कीड कलकत्त्याला आणली. निघाली भलतीच जात, रंग हलका. मात्र तिनं एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला. म्हणून १८३६ च्या सुमारास तिला मुद्दाम दक्षिण भारतात नेऊन सोडलं. तणावर कीड सोडून केलेल्या जैविक नियंत्रणाचे जगातले पहिले प्रयोग ते हेच.

पण फड्या निवडुंगाला ही कीड तोंड लावीना. तो रानं अडवत राहिला. शेवटी १९२६ मध्ये सिलोनहून कोचिनीलची दुसरी जात आणली, तेव्हा फड्या हटला. ऑस्ट्रेलियातही रंगाच्याच आशेनं १७८८ मध्ये निवडुंग नेला होता. पुढे आलेल्या त्याच्या जातभाईंनी दोन कोटी हेक्टरांहून जास्त जमीन व्यापली. १९२५ मध्ये अर्जेंटिनाहून आणलेल्या पतंगाच्या अळीनं तिथला शेतकरी वाचवला. क्वीन्सलँडच्या बूनार्गा गावात १९३६ साली त्या किड्याच्या नावानं सभागृहच बांधलंय.

आता हे सगळं घरच्या कुंडीला कसं लावायचं?

१) माती: निम्मा जांभ्याचा चुरा किंवा बारीक खडी, पाव भाग माती, उरलेल्यात कुजलेलं शेणखत आणि कोळशाचा चुरा. पुळणीवरची वाळू नको, खारट असते. कुंडीला भोक हवंच.

२) जागा: मृगापासून दसऱ्यापर्यंत कुंड्या पडवीत, उजेडात, पागोळीपासून लांब. पाऊस संपल्यावर एकदम भर उन्हात नको, आठवडाभर सवय करा.

३) पाणी: पावसाळ्यात जवळजवळ नाहीच. एरवी माती तळापर्यंत सुकल्यावर. पानं सुरकुतली तर तहान, पिवळी पडून लिबलिबीत झाली तर पाणी जास्त.

४) कीड: निवडुंगावर कापसासारखे पुंजके दिसले तर काडीनं चिरडा. गडद लाल रंग निघाला तर कोचिनील, नाहीतर बहुधा पिठ्या ढेकूण. ब्रशनं पुसून काढा, कुंडी वेगळी ठेवा.

५) छाटणी: कापलेले तुकडे सड्यावर किंवा खाडीकडे टाकू नका. पानफुटीच्या एका पानातून दहा रोपं उठतात, निवडुंगाचा तुकडाही मूळ धरतो. पूर्ण सुकवून जाळा. आणि पानफुटी गुरांच्या तोंडी लागू देऊ नका, विषारी आहे.

एक विनंती. वई मोडून चिऱ्याचा गडगा किंवा तार आली की शेर, घायपात उपटून फेकली जातात. त्यातला एखादा फाटा कुंडीत लावून ठेवा. त्याला इथला पाऊस सोसायची सवय आहे, विकतच्या रोपाला नाही. तुमच्याकडे वईला काय काय होतं आणि त्याला काय नाव होतं, ते गावाच्या नावासकट खाली लिहा.