वेगवान मोटार आणि तिचा धनी

ढोकीच्या स्टेशनावर लातूरकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत बसलों असतां शेजारच्या बांकावरील एका वृद्ध शेतकऱ्यानें मला एक गोष्ट ऐकविली. निजामसरकार एकदां साध्या वेषांत लंडनमधील रोल्स-रॉइसच्या दुकानांत शिरले. दुकानदारानें त्यांस हिडीसफिडीस करून बाहेर काढलें. तेव्हां त्यांनीं राजवेषांत परत येऊन होत्या तेवढ्या मोटारी विकत घेतल्या आणि हैदराबादेस आणून कचरा वाहावयास लाविल्या! गोष्ट संपवितांना म्हाताऱ्याच्या मुद्रेवर विलक्षण समाधान दिसलें. साहेबाची खोड मोडणारा राजा, मग तो निजाम कां असेना, त्यास त्या क्षणापुरता आपला वाटत होता.

गोष्ट मोठी रुचकर आहे. अडचण एवढीच कीं, ज्यांच्या नांवावरून या जिल्ह्यास २०२३ सालापर्यंत उस्मानाबाद म्हणत, ते सातवे निजाम मीर उस्मान अली खान विलायतेस कधीं गेलेच नाहींत. शिवाय हीच गोष्ट अलवारच्या जयसिंह महाराजांविषयीं सांगतात, भरतपूरच्या महाराजांविषयीं सांगतात आणि पतियाळाच्या भूपिंदरसिंहांविषयींही सांगतात. पुरावा म्हणून एक छायाचित्र हातोहात फिरत असतें. त्यांत मोटारीच्या पुढच्या चाकांजवळ केरसुण्या बांधलेल्या दिसतात. परंतु तसल्या केरसुण्यांचा इतिहास निराळा आहे. १९३६ सालीं पॅलेस्टाइनांतील दंगलींच्या वेळीं रस्त्यांवर टाकलेले खिळे चाकांत शिरूं नयेत म्हणून तेथें मोटारींस त्या लावीत. एकच अंगरखा चार राजांच्या अंगास बरोबर बसूं लागला, तर तो कोणा एकाचें माप घेऊन शिवलेला नाहीं, हें इतिहासाच्या विद्यार्थ्यानें ओळखावें.

मग हा अंगरखा शिवला कोणीं? बऱ्याच अंशीं वृत्तपत्रांनीं. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळीं मुंबईस मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या धनिक व्यापाऱ्याची मोटार दुसऱ्या एका मोटारीनें अडविली, आणि मुमताज बेगम हिला पळवून नेण्याच्या झटापटींत बावला ठार झाला. या प्रकरणाचे धागे इंदूर दरबारापर्यंत पोंचले, आणि चौकशी मंडळापुढें उभे राहण्याऐवजीं तुकोजीराव होळकर, तिसरे, यांनीं फेब्रुवारी १९२६ मध्यें गादी सोडली. खटल्याच्या हकीकती वृत्तपत्रांनीं चवीनें छापल्या. 'कुलीन कांता' नांवाचा मूकपटही १९२५ सालींच निघाला. राजा, रमणी आणि मोटार हें त्रिकूट वाचकांच्या मनांत एकदां जें ठाण मांडून बसलें, तें बसलेंच.

या प्रसंगाचें ओझें पुढें तुकोजीरावांचे चिरंजीव यशवंतराव यांच्यावर पडलें. गादीवर आले तेव्हां त्यांचें वय अवघें सतरा वर्षांचें होतें. वेगवान मोटारींचा त्यांस खराच नाद होता. अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीची यंत्ररचना व लंडनच्या गर्नी नटिंग यांनीं बांधलेला सांगाडा अशी त्यांची केशरी-काळी मोटार आजही जुन्या गाड्यांच्या शोकिनांत प्रसिद्ध आहे. बर्नार बूते द मोन्वेल या फ्रेंच चित्रकारानें त्यांचीं दोन चित्रें काढिलीं: एकांत पाश्चात्य रात्रपोशाख, दुसऱ्यांत मराठेशाही वेष. इंदूरचा माणिकबाग राजवाडा त्यांनीं एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून नव्या पद्धतीनें बांधवून घेतला. मोटार, चित्रें आणि राजवाडा एवढ्या सामग्रीवर 'विलासी महाराजा' सहज उभा राहतो. लेखकास त्याकरितां फारसे श्रम पडत नाहींत.

परंतु याच मोटारवाल्या राजानें मे १९४२ मध्यें, महायुद्ध ऐन भरांत असतांना, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांस उघड पत्र लिहून हिंदुस्थानच्या प्रश्नांत मध्यस्थी करण्याची विनंति केली होती. ज्या सरकारच्या मर्जीवर आपली गादी अवलंबून, त्याच सरकारच्या डोक्यावरून परक्या राष्ट्राकडे दाद मागणें हें संस्थानिकाला केवढें धाडसाचें होतें! त्या पत्राचा व्यावहारिक उपयोग झाला नाहीं, हें खरें. तथापि ड्यूसेनबर्गचा रंग ज्यांस ठाऊक आहे, त्यांपैकीं कितीजणांस हें पत्र ठाऊक आहे? ठराविक साच्याचा हा पहिला अन्याय. तो माणसाचा एक अवयव तेवढा दाखवितो आणि बाकीचा माणूस झांकून टाकतो.

दुसरा अन्याय याहून मोठा आहे, आणि तो राजावर नसून रयतेवर आहे. निजामांच्या वांट्यास नेमका उलटा सांचा आला: विलासी राजाऐवजीं कृपण राजा. २२ फेब्रुवारी १९३७ रोजीं अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ते झळकले, जगांतील सर्वांत श्रीमंत पुरुष म्हणून त्यांचा बोलबाला झाला, आणि त्यांची जुनाट टोपी व कागदांवर ठेवलेला जेकब हिरा यांच्या कथांस ऊत आला. परंतु सर्फ-ए-खास नांवाच्या खासगी मुलखाचा वसूल राज्याच्या तिजोरींत न जातां थेट निजामांच्या खासगी खजिन्यांत पडे, आणि ही व्यवस्था १९४९ पर्यंत टिकली, ही गोष्ट टोपीइतकी मनोरंजक थोडीच होती! राजा उधळ्या ठरो कीं कवडीचुंबक, वाचक दोन्ही वेळां हसतो. आणि हसणारा मनुष्य हिशेबाची वही मागत नाहीं.

हा रोग संस्थानांबरोबर विलीन झाला नाहीं. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यांत कल्याणीनगर येथें एका अल्पवयीन मुलाच्या पोर्शे मोटारीनें दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, आणि जामीन देतांना त्यास तीनशे शब्दांचा निबंध लिहावयास सांगण्यांत आलें. लोकांचा संताप सर्वस्वीं न्याय्य होता. 'धनिकपुत्र' हा शब्द तेव्हां घरोघरीं ऐकूं येत होता. पण त्या शब्दानें काय उघडकीस आणलें? रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, ती चिकाटीच्या तपासामुळें. 'श्रीमंतांचीं पोरें अशींच' एवढें म्हणून जे स्वस्थ बसले, त्यांनीं नकळत त्या श्रीमंतीचेंच काम हलकें केलें. कारण जें 'असेंच' असतें, त्याचा जाब विचारावयाचा नसतो.

आपण मध्यमवर्गीय वाचक या साच्यांवर विशेष लुब्ध असतों, हें कबूल केलेलें बरें. दुसऱ्याच्या मोटारीस हसलें म्हणजे ती आपल्यापाशीं नसल्याचें शल्य थोडें बोथट होतें आणि वर नीतिमान असल्याचें समाधानही मिळतें. टीका करावीच, पण ती मोटारीच्या रंगावर करण्याऐवजीं तिच्या किंमतीचा उगम विचारून करावी.

गाडी येण्याच्या बेतांत होती. मीं म्हाताऱ्यास सहज विचारलें, "बाबा, त्या मोटारींचे पैसे कोणाचे हो?"

तो क्षणभर थांबला. मग धोतराचा सोगा सांवरीत म्हणाला, "आपलेच की. आमच्या आज्यानं भरलेला सारा त्यातच गेला असंल."

आणि या खेपेस मात्र तो हसला नाहीं.